काही झालं नव्हतं

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, वय, रक्तगट, टी-शर्टचा साइज आणि तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा हे सगळं विचारून झाल्यावर शेवटी एक मोठा रिकामा चौकोन होता. 'तुम्ही का धावता आहात? तुमची गोष्ट थोडक्यात लिहा. निवडक गोष्टी शर्यतीआधी माइकवरून वाचून दाखवल्या जातील.' मी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसले. मग तो तसाच ठेवला आणि 'सबमिट' दाबलं.

कारण माझ्याकडे गोष्टच नव्हती. चार वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा धावायला लागले होते आणि ती चार वर्षं मी का धावले नाही, याला काही म्हणजे काही कारण नव्हतं. पाय मोडला नव्हता. ऑपरेशन नव्हतं, मोठं आजारपण नव्हतं, घरात कोणाचं काही नव्हतं. एका आठवड्यात सलग दोन दिवस सकाळी पाऊस होता. पुढच्या आठवड्यात ऑफिसात ऑडिट होतं. त्यानंतर उजव्या बुटाची लेस तुटली. नवी लेस आणायला मला चार वर्षं लागली.

धावणं सुटतं तेव्हा ते कोणी ठरवून सोडत नाही. आपण फक्त 'उद्या' म्हणतो. मीही रोज प्रामाणिकपणे उद्या म्हणत होते.

परत सुरुवात केली तेव्हा त्रास सगळ्यात जास्त झाला तो एका प्रश्नाचा. सकाळी लिफ्टमध्ये घामेजलेली बघून शेजारी विचारायचे, "अरे वा, पुन्हा सुरू? मध्ये काय झालं होतं?" विचारताना चेहरा आधीच थोडा हळवा केलेला असायचा. गुडघा, थायरॉइड, मणका, निदान मनाचं काहीतरी, असं उत्तर घ्यायला माणूस तयार होऊन उभा असतो. मी म्हणायचे, "काही नाही." मग तो चेहरा काय करावं ते न कळल्यासारखा तसाच राहायचा आणि लिफ्टचा दरवाजा उघडायचा. एकदा मी खोटं बोलून पाहिलं. "गुडघा जरा..." एवढंच म्हणाले. समोरच्या गृहस्थांनी मला पंचवीस मिनिटं खाली थांबवून स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांचा सविस्तर इतिहास सांगितला आणि पुढचे दोन महिने भेटतील तिथे माझ्या गुडघ्याची चौकशी केली. खोटं निभावायला मला जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. त्यापेक्षा 'काही नाही' परवडलं.

फॉर्म भरायला लावला भाचीने. "आत्या, पाचच किलोमीटर आहे. चालणारेपण असतात." ज्यांना परवडत नाही अशा रुग्णांच्या डायलिसिससाठी निधी गोळा करणारी छोटीशी शर्यत. आंतरराष्ट्रीय धावपटू नाहीत, बक्षिसाची रक्कम नाही, एक शाळेचं मैदान आणि सकाळचे दोन तास बंद ठेवलेला रस्ता. पण मला टोचला तो 'पाचच' मधला 'च'. चार वर्षांपूर्वी तो 'च' मीच लावायचे. रविवारी दहा धावायचे आणि कोणी पाच म्हटलं की "पाचच?" असं तोंडून सहज जायचं. पाच किलोमीटरची माझी सर्वोत्तम वेळ २७ मिनिटं ४० सेकंद आहे. जगाच्या हिशेबात ही काही सांगण्यासारखी वेळ नाही. युगांडाचा धावपटू जोशुआ चेप्तेगेई याने २०२० साली मोनॅकोत हेच अंतर १२ मिनिटं ३५ सेकंदांत संपवलं होतं. म्हणजे तो पोचून, अंग पुसून, दुसऱ्यांदा धावून परत आला असता तरी मी अजून रस्त्यावरच असते. तरीही ती वेळ माझी होती, आणि फोनने ती जपून ठेवली होती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा अॅप उघडलं तेव्हा त्याने विनोद केल्यासारखा एक छोटा करंडक दाखवला, त्याखाली २७:४०. ती बाई माझ्याच नावाने, माझ्याच फोटोसकट तिथे उभी होती. तिच्यावर मला रागच आला.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले, आणि त्यात एक जुना प्रयोग सापडला. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. शरीर जोरात काम करताना जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ते आधी आणि नंतर मोजलं. तीन आठवड्यांत ते चतुर्थांशाहूनही जास्त घसरलं. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी त्याच पाचही जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते आणि सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेलेलं. मोजलं तर तीस वर्षांच्या संसारात, नोकरीत आणि पोटात मिळून जेवढी क्षमता गेली होती, ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपेत गेली होती त्याहून कमीच भरली. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालायला, धावायला, सायकल चालवायला लावलं. तीस वर्षांत गेलेलं सगळं परत आलं. मात्र ते परत आलं वेगळ्या वाटेने. हृदय आधीपेक्षा जास्त रक्त फेकू लागलं नव्हतं. स्नायू आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घ्यायला शिकले होते.

पाच माणसांवरून सगळ्या जगाचं ठरवू नये हे मला कळतं. पण रात्री दोन वाजता पाच माणसं पुष्कळ होतात. शिवाय मला त्यांचं एक आवडलं. त्या तीस वर्षांत त्यांना 'काय झालं होतं?' याचं उत्तर बहुधा माझ्यासारखंच असणार. काही नाही. दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी लेस आणली.

तयारीसाठी मी नवशिक्यांचा कार्यक्रम घेतला, 'काउच टू फाइव्ह के' नावाचा. जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो १९९६ साली तयार केला. स्वतःला धावायला शिकताना झालेला त्रास आठवून, आणि पन्नाशीतल्या आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. एक मिनिट! मी वाचून हसले. मग धावले. पाचव्या मिनिटालाच मी हसणं बंद केलं होतं आणि आठव्यांदा धावायची वेळ आली तेव्हा घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून दोनदा मनगट झटकलं.

जुन्या धावणाऱ्याची अडचण नवशिक्यापेक्षा वेगळी असते. नवशिक्याला काही माहीत नसतं, म्हणून तो सांगितलेलं करतो. मला सगळं माहीत होतं. माझ्या पायांनाही माहीत होतं. पाऊल कसं टाकायचं, हात कसे सोडायचे, वळणावर आतून कसं जायचं, सगळं शाबूत. गाडी चालवता येते, पेट्रोल नाही, अशी गत. तिसऱ्या आठवड्यात दम जरा कमी लागायला लागला आणि मी लगेच शेफारले. कार्यक्रमात तीन मिनिटं लिहिली होती, मी दहा धावले. त्याच्या तिसऱ्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूने अशी कळ यायला लागली की पायावर पायमोजा चढवतानाही डोळे मिटावेत.

यात एक गणित आहे आणि ते कुठल्याही वयाला चुकत नाही. दम लवकर परत येतो. रक्तातला पाण्याचा भाग काही दिवसांतच वाढतो, हृदयाचे ठोके उतरायला लागतात, स्नायू काही आठवड्यांत कामाला लागतात. पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि हाडं स्वतः फार सावकाश घट्ट होतात. त्यांचा हिशेब महिन्यांचा असतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर पडतो, आणि माझ्या चालीने पाच किलोमीटर म्हणजे सहा हजारांच्या आसपास पावलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते 'पळ', नडगी म्हणते 'थांब', आणि माणूस छातीचं ऐकतो, कारण छाती मोठ्याने बोलते. मी दहा दिवस बसून काढले. त्या दहा दिवसांत मला एक लाजिरवाणी गोष्ट जाणवली: मी खूश होते. आता निदान सांगायला काहीतरी होतं. लिफ्टमध्ये मी आपणहून नडगीचा विषय काढत होते.

नडगी बरी झाली. मी पुन्हा दुसऱ्या आठवड्यापासून सुरू केलं. या वेळी एकच नियम पाळला, धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शेजारी कोणी नसल्याने मी ऑफिसातल्या न पाठवलेल्या ईमेल मोठ्याने म्हणायचे. "आपल्या पत्रात नमूद केलेल्या मुद्द्यांशी मी सहमत नाही" एवढं एका दमात निघालं की वेग बरोबर. वाक्य 'मुद्द्यांशी'वर तुटलं तर वेग जास्त.

या कार्यक्रमातला पाचवा आठवडा प्रसिद्ध आहे, किंवा कुप्रसिद्ध. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं धाव, पाच चाल, आठ धाव असं असतं, आणि तिसऱ्या दिवशी एकदम, मध्ये काही न सांगता, सलग वीस मिनिटं. तो आकडा बघून माणसं कार्यक्रम सोडून देतात म्हणे. मी सोडला नाही, पण आदल्या रात्री पोटात गोळा आला होता हे खरं. जी बाई कधीकाळी तासभर धावायची ती वीस मिनिटांना घाबरून पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपली. सकाळी ती वीस मिनिटं झाली. कशी झाली ते आठवत नाही. घड्याळ वाजलं तेव्हा मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि उगाचच त्या शटरकडे बघून हसले.

आता पैशांचं. नोंदणी करणाऱ्याने ओळखीच्यांकडून थोडीफार देणगी गोळा करावी अशी अपेक्षा होती. मागणं मला जमत नाही. शिवाय एक शंका मनात घर करून होती. डायलिसिसच्या यंत्राला माझ्या धावण्याचा काय उपयोग? मी पाच किलोमीटर धावले काय, पाच तास झोपले काय, पैसे तेवढेच. सरळ मागावेत, द्यावेत, घरी जावं. ऑफिसातला एक सहकारी तसंच म्हणाला, "पैसे मी असेच देतो, तू उगीच पळू नकोस." काळजीने म्हणाला. उलट माझा भाऊ म्हणाला, "तू पळणार? सलग? मग देतो. फक्त शेवटच्या शंभर मीटरचा व्हिडिओ पाहिजे."

भाऊ चेष्टा करत होता, पण माणसं खरंच तशीच असतात. क्रिस्टोफर ओलिव्होला आणि एल्दार शाफिर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रयोगांवर आधारित एक लेख प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं की चांगल्या कामासाठी सहलीसारखा आरामाचा कार्यक्रम ठेवण्यापेक्षा कष्टाचा, दुखवणारा कार्यक्रम ठेवला तर लोक जास्त द्यायला तयार होतात. याला त्यांनी नाव दिलं आहे 'हुतात्मा परिणाम'. फार मोठं नाव झालं हे. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की मी जितकी बेढब धावणार तितकी पावती मोठी.

या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी ज्याचं नाव येतं तो टेरी फॉक्स. कॅनडातला कॉलेजातला मुलगा. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशाच्या पूर्व टोकावरून निघाला, पश्चिम टोकापर्यंत धावत जायचं म्हणून. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. आजार फुप्फुसांत पसरला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला. वय २२. म्हणजे निधीसाठी धावण्याची जगातली बहुधा सर्वांत मोठी गोष्ट ही पूर्ण न झालेल्या धावेची आहे. त्याच्या नावाने १९८१ पासून जे धावणं होतं त्यात कोणी जिंकत नाही, स्पर्धाच नसते. मला हे वाचून धीर यायला हवा होता. आला नाही. त्याच्या शेजारी माझ्या तुटलेल्या लेसची गोष्ट ठेवून पाहिली आणि फॉर्ममधला तो चौकोन रिकामा ठेवला ते किती बरं केलं असं वाटलं.

मग नातेवाइकांना पाठवायच्या मेसेजमध्ये मी माझ्याबद्दल काही लिहिलंच नाही, यंत्राबद्दल लिहिलं. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने युद्धकाळात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून १९४३ साली मूत्रपिंडाचं काम करणारं यंत्र बनवलं. सुरुवातीच्या रुग्णांपैकी जवळजवळ कोणीच वाचलं नाही. तरी तो करत राहिला. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्रामुळे शुद्धीवर आली. आज ज्यांची मूत्रपिंडं बंद पडली आहेत त्यांतल्या बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास यंत्राला जोडून बसावं लागतं. हे सगळं लिहून खाली मी जोडलं: 'मला फक्त पाच किलोमीटर धावायचं आहे.' मेसेज लांबला. मावशीचं उत्तर आलं, "सगळं नाही वाचलं, पैसे पाठवलेत."

शर्यतीच्या दिवशी मैदानावर पोचले तेव्हा माइकवर गोष्टी सुरू होत्या. एका मुलाने वडिलांना मूत्रपिंड दिलेलं. एका बाईंचा मुलगा गेलेला, त्या दर वर्षी त्याचा टी-शर्ट घालून येतात. एक जण कर्करोगातून उठून आलेला. प्रत्येक गोष्टीनंतर टाळ्या. आणि मी तिथे, छातीवर चार सेफ्टी पिनांनी बिब, म्हणजे नंबराचा कागद, लावून, धडधाकट, वाजवीपेक्षा आठ किलो जास्त. मला चक्क हेवा वाटला. दुसऱ्याच्या दुखण्याचा हेवा वाटणं ही किती खालची पायरी आहे हे कळत असूनही वाटला. भाचीने विचारलं, "आत्या, टेन्शन आलंय?" मी हो म्हणाले, ते उत्तर सोपं होतं.

चालणाऱ्यांना पंधरा मिनिटं आधी सोडलं. मग आम्ही. सुरुवातीच्या रेषेवर रबरी पट्टी अंथरलेली असते आणि बिबमागच्या चिपमुळे आपण ती ओलांडल्यापासून आपली वेळ मोजली जाते, त्यामुळे पुढे घुसायचं काही कारण नसतं. तरी सगळे घुसतात. मीही घुसले.

पुढे जे झालं त्याचं मला काही सांगायचं तोंड नाही, कारण प्रत्येक नवशिक्याला मी स्वतः त्याबद्दल व्याख्यान देत आले आहे. पहिला किलोमीटर मी ६ मिनिटं ५० सेकंदांत मारला. सरावातला माझा वेग आठच्या पुढे. गर्दी, ढोल, टाळ्या, शेजारून जाणाऱ्या भाचीची वेणी, आणि पहिली काही मिनिटं शरीर उधारीवर चालतं. श्वासाला खरी मागणी कळायला वेळ लागतो. तोवर माणसाला वाटतं, अरे, आपण तर अजून तशाच आहोत! त्या किलोमीटरमध्ये, खोटं कशाला बोला, मी २७:४० चं गणित करत होते.

दुसरा किलोमीटर ७:५०. भाची दिसेनाशी झाली. ईमेलमधलं वाक्य 'आपल्या पत्रात'च्या पुढे जाईना. तिसरा ८:५०, आणि त्यात पुलाचा चढ. गाडीतून जाताना त्याला चढ आहे हे आजवर कधी कळलं नव्हतं. एक शाळकरी मुलगा माझ्या बाजूने गेला, तो धावता धावता पाँगपाँग असा हॉर्नचा आवाज काढत होता. त्याच्यात एवढी हवा शिल्लक होती याचा मला मनापासून संताप आला.

साडेतीन किलोमीटरवर पाण्याचं टेबल होतं. तिथे मी थांबले, सरळ थांबलेच, आणि एक ग्लास घटाघट प्यायले, दुसरा उचलला. शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते, सोबत त्यांची मुलगी. त्यांनी ग्लासातलं घोटभर पाणी तोंडात घेतलं, गालात खळखळवलं आणि बाजूला चूळ टाकली. बाकीचा ग्लास टेबलावर परत ठेवला. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं.

"दिवसाचं मोजून मिळतं," ते म्हणाले. "इथे सगळं संपवलं तर संध्याकाळी काय करू?"

तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. कोपराच्या खाली शीर दोरखंडासारखी फुगून वळणं घेत गेली होती. मी हातातला दुसरा ग्लास कुठे ठेवावा या विचारात तसाच धरून उभी राहिले. पाणी प्यावं तर कसंतरी वाटत होतं, ओतावं तर त्याहून वाईट.

"प्या हो," ते म्हणाले. "तुमची मूत्रपिंडं चांगली आहेत ना? मग त्यांना काम द्या."

त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, चला, पाय गार पडतील." आम्ही तिघं चालायला लागलो. माझा धावायचा विचार तूर्तास नव्हताच. मी विचारलं की ही शर्यत ज्या केंद्रासाठी आहे तिथेच जाता का. म्हणाले, नाही, दुसरीकडे, स्वतःच्या खर्चाने जमतंय तोवर तसं. इथे ज्यांना जमत नाही ते येतात, त्यांची जागा कशाला अडवायची. मी त्यांना मनातल्या मनात लाभार्थी करून टाकलं होतं. ते तर माझ्यासारखेच, नोंदणीची रक्कम भरून आलेले.

"काका, फॉर्मवर गोष्ट लिहिली नाहीत?"

"कसली गोष्ट? मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीन. काल झालं, त्यामुळे आज अंगात हुशारी आहे. आता परवा. हीच गोष्ट गेली सहा वर्षं. माइकवर कोणी ऐकणार आहे का?" मग हात पुढे करून म्हणाले, "बोट ठेवून बघा. घाबरू नका."

मी बोट ठेवलं. कातडीखाली काहीतरी सतत थरथरत होतं, मांडीवर बसलेलं मांजर घुरघुरावं तसं. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्त तिथून वेगाने धावतं, हे मी वाचलं होतं. बोटाला लागलं तेव्हा वाचलेलं काही आठवलं नाही.

"हे थांबलं की दवाखान्यात पळायचं," ते म्हणाले. "रोज सकाळी उठल्यावर आधी हात कानाला लावून ऐकतो." थोडं चाललो. "तुमचं काय? मघाशी चांगल्या पळत आलात, एकदम बसल्यासारख्या झालात. काही झालं होतं का?"

परत तोच प्रश्न. पण या वेळी चेहरा हळवा नव्हता, ते नुसतेच विचारत होते.

"काही नाही हो काका. चार वर्षं धावणं सोडलं होतं. काहीच झालं नव्हतं. उगीचच."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"अरे वा," ते म्हणाले. लॉटरी लागलेल्या माणसाला म्हणावं तसं. मग मुलीकडे वळून, "ऐकलंस का? चार वर्षं यांना काही झालं नाही!" आणि दोघंही हसले. मीही हसले, आणि हसताना कळलं की श्वास परत आला आहे.

चौथा किलोमीटर १२ मिनिटं १० सेकंद पडला. पाटी दिसल्यावर काका म्हणाले, "आता निघा. आमच्या नादाने तुमचं टायमिंग जाईल." टायमिंग कधीच गेलं होतं. मी निघाले.

शेवटचा किलोमीटर चांगला झाला असं मी म्हणणार नाही. पोटऱ्यांत दगड भरले होते, उजव्या कुशीत कळ होती, आणि मैदानाच्या फाटकाशी भाची मोबाइल धरून उभी होती कारण माझ्या भावाने तिला तशी सुपारी दिली होती. व्हिडिओत मी जीभ थोडी बाहेर काढून, एक खांदा वर करून येताना दिसते. कौटुंबिक ग्रुपवर त्याला मिळालेल्या प्रतिक्रिया इथे देत नाही. ४४ मिनिटं १२ सेकंद. फोनने ताबडतोब कळवलं की ही माझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सोळा मिनिटं बत्तीस सेकंदांनी कमी चांगली कामगिरी आहे. 'कमी चांगली' हा शब्दप्रयोग कोणी निवडला असेल? त्याला भेटायचं आहे.

पदक गळ्यात घालून मी फाटकाशीच थांबले. काका आणि त्यांची मुलगी आले तेव्हा माइकवर बक्षिसं चालली होती, त्यामुळे टाळ्या वाजवणारे आम्ही दोघीच. त्यांनी पदक मुलीच्या गळ्यात टाकलं. पदकाबरोबर प्रत्येकाला देत होते ती पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "ही तुम्ही घेऊन जा," म्हणाले, आणि रिक्षा शोधायला गेले. नाव विचारायचं राहिलं.

सोमवारी मी जिना कडेकडेने, खेकड्यासारखी उतरले. लिफ्टमधल्या गृहस्थांनी ते पाहून लगेच विचारलं, "गुडघा पुन्हा?" मी म्हणाले, "नाही हो, काही झालं नाही." आवाज जरा जास्तच आनंदी आला असावा, कारण ते पुढे काही बोलले नाहीत.

मंगळवारी पोटऱ्या अजून आखडलेल्या होत्या. तरी संध्याकाळी बूट घातले. वीस मिनिटं, अगदी सावकाश, पूर्ण वाक्यं बोलत. अडीच किलोमीटरही झाले नसतील. परत आले, ओट्याशी उभी राहिले आणि पाणी प्यायले. एक ग्लास, मग दुसरा, आणि मग तहान नसताना तिसराही.